हळदीचा पिवळा रंग आणि ढाक्याचा बाजार

हळदीचा व्यापारी हळकुंड हातात घेतो तेव्हा आधी वरचा रंग पाहतो, मग ते मोडून आतला गाभा पाहतो आणि त्यानंतर भाव बोलतो. आमच्या कापडाच्या धंद्यातही वेगळे काही नाही. गिऱ्हाईक प्रथम रंगावर भुलते, पोत नंतर चाचपते आणि कापड किती धुण्या टिकेल हा प्रश्न त्याला घरी गेल्यावर सुचतो. जिथे भाव रंगावर ठरतो तिथे लबाडीही रंगातच होते. तेव्हा खाण्याच्या जिनसांविषयी कापडवाल्याने का लिहावे असे कोणी विचारले, तर आमचे उत्तर सोपे आहे. ज्या रंगांशी आमचा रोजचा संबंध येतो, तेच रंग माणसाच्या ताटात गेल्याची ही हकीकत आहे.

"अन्नसुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य" असे शब्द वाचले की व्यापारी पान उलटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. साहेब लोकांच्या परिषदा, हारतुरे आणि फोटो एवढेच त्याच्या डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या समाजातील किती घरे मसाल्याच्या गिरणीवर, किराण्याच्या पेढीवर, बेकरीवर, खानावळीवर किंवा आखाती देशांत माल पाठवण्याच्या कामावर चालतात, याचा विचार केला तर हा विषय थेट आपल्या गल्ल्याशी येऊन भिडतो. आणि या सहकार्याचे आमच्या माहितीतील सर्वांत चांगले उदाहरण रोम किंवा जिनिव्हाचे नाही, ते शेजारच्या ढाका शहरातल्या श्यामबाजार नावाच्या घाऊक पेठेचे आहे.

ढोलात पडलेली पुडी

बांगलादेशात आपल्यासारखीच भाजीत, डाळीत, माशात रोज हळद पडते. शेतकरी हळद काढतो, उकडतो, उन्हात वाळवतो. वाळलेले हळकुंड वरून काळपट, खरबरीत दिसते. ते पॉलिशच्या ढोलात घालून फिरवतात, म्हणजे साल घासून निघते आणि आतला पिवळा रंग वर येतो. ही रीत आपल्या सांगलीकडेही आहे आणि तिच्यात गैर काही नाही.

गैर घडले ते १९८० नंतरच्या दशकात. एका मोठ्या महापुरानंतर हळद नीट वाळेना, हळकुंडे काळी पडली, बाजारात त्यांना भाव मिळेना. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की ढोल फिरत असताना त्यात थोडी पिवळी पुडी टाकावी. काळी हळद सोन्यासारखी चमकू लागली. पूर ओसरला, पुढची पिके चांगली आली, पण पुडी काही गेली नाही. घाऊक व्यापाऱ्याला चमक हवी होती, कारण किरकोळ दुकानदाराला ती हवी होती, कारण गिऱ्हाईक चमकदार हळदच उचलत होते. पॉलिशवाला म्हणे, मी न टाकली तर शेजारचा टाकेल. हे वाक्य आपण कोणत्या धंद्यात ऐकलेले नाही?

ती पुडी म्हणजे लेड क्रोमेट, अर्थात शिसे आणि क्रोमियम यांचे संयुग. लोखंडी सामानाला, प्लॅस्टिकला आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांना पिवळा रंग द्यायला ही वापरतात. एकोणिसाव्या शतकात सुती कापडसुद्धा या क्रोम पिवळ्याने रंगवले जात असे. बांगलादेशच्या बाजारात तिला पिउरी, बासंती, काठाली अशी गोंडस नावे होती. बासंती म्हटल्यावर आम्हाला साडीची छटा आठवते, आणि पिउरी हे नाव तर भिंतीला लावायच्या आपल्या पिवडीच्या अगदी जवळचे. नावात जहर दिसत नाही. वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते जहर आहे हे माहीतही नव्हते. त्यांच्या लेखी तो फक्त रंग होता.

शिसे शरीरात काय करते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, शिकण्याची ताकद कमी होते आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही. आईच्या पोटातल्या बाळापर्यंत ते पोहोचते. मोठ्या माणसांत रक्तदाब आणि हृदयविकार वाढतो. विषबाधेसारख्या उलट्या होत नाहीत, कोणी दवाखान्यात नेत नाही, पंचनामा होत नाही. म्हणून तीस वर्षे कोणाला पत्ता लागला नाही.

सुताच्या लॉटवरून गिरणी ओळखावी तसे

पत्ता लागला तोही वळसा घेऊन. बांगलादेशच्या ग्रामीण भागातील ४३० गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले असता त्यांतील ३१ टक्के स्त्रियांच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीवर आढळले. खेड्यात ना कारखाना, ना मोटारींची गर्दी. मग शिसे आले कुठून? मातीतून, पत्र्याच्या डब्यांतून, शेतीच्या औषधांतून, का भांड्यांतून? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि स्टीफन लुबी यांच्या पथकाने ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेबरोबर हा शोध घेतला. ही संस्था म्हणजे कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवण्याच्या संशोधनासाठी जगभर नाव मिळवलेली संस्था. ढाक्यात तिला आजही लोक कॉलरा हॉस्पिटल म्हणतात.

शिशाचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. त्यांत कमी-अधिक वजनाचे प्रकार असतात आणि निरनिराळ्या ठिकाणच्या शिशात त्यांचे प्रमाण निरनिराळे असते. सुताचा लॉट पाहून जाणकार कारागीर गिरणी ओळखतो, तसेच हे समजावे. स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा लॉट हळदीत घातलेल्या पिवळ्या रंगाच्या लॉटशी जुळला. एरवी संशय होता, आता पुरावा झाला. अशी तपासणी करणारी प्रयोगशाळा प्रत्येक देशात असत नाही, आणि असायलाच हवी असेही नाही.

मग पथकाने हळद पिकवणारे नऊ मोठे जिल्हे पालथे घातले. शेतकरी, पॉलिशवाले, व्यापारी यांच्याशी बोलणी केली. नऊपैकी सात जिल्ह्यांत या भेसळीचा पुरावा मिळाला. एका नमुन्यात एका ग्रॅम हळदीमागे ११५२ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. म्हणजे किलोभर हळदीत एक ग्रॅमहून जास्त शिसे! बांगलादेशच्या कायद्याची मर्यादा ग्रॅमला अडीच मायक्रोग्रॅमची आहे. कायदा होता, मर्यादा होती, पण मोजणारे कोणी नव्हते. त्यापूर्वी २०१३ साली अमेरिकेत बांगलादेशातून गेलेली हळद शिशामुळे दुकानांतून परत घ्यावी लागली होती. तेव्हा परदेशचा ढीग उचलला गेला आणि देशातला ढीग जिथल्या तिथे राहिला. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

२०१९ च्या सप्टेंबरात हे निष्कर्ष बाहेर आले आणि त्यानंतर ढाक्याने जे केले ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या कायद्याखाली २०१५ साली स्थापन झालेल्या बांगलादेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे काम हाती घेतले. बाजारपेठांत नोटिसा डकवल्या, व्यापाऱ्यांच्या बैठका घेऊन हा रंग म्हणजे शिसे आहे हे समजावून सांगितले, वर्तमानपत्रे आणि दूरदर्शन वाहिन्यांनी विषय उचलून धरला. आणि मग श्यामबाजारात फिरत्या न्यायालयासह छापा पडला. अधिकाऱ्यांच्या हातात क्ष-किरणांवर चालणारे एक यंत्र होते. सुताराच्या ड्रिलसारखे दिसते, हळदीवर टेकवून कळ दाबली की थोड्याच वेळात शिसे किती ते पडद्यावर उमटते. नमुना प्रयोगशाळेत जाणार, तीन महिन्यांनी अहवाल येणार, तोवर माल विकून मोकळे, हा नेहमीचा मार्गच बंद झाला. जागच्या जागी दोन घाऊक व्यापाऱ्यांना मिळून आठ लाख टाक्यांचा दंड झाला आणि ते साऱ्या देशाने पाहिले.

निकाल? २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. पॉलिशच्या गिरण्यांपैकी ३० टक्के ठिकाणी रंगाचा प्रत्यक्ष पुरावा होता, तोही शून्यावर आला. गिरणीत काम करणाऱ्या पंधरा कामगारांचे रक्त पुन्हा तपासले तेव्हा शिशाचे प्रमाण सोळा महिन्यांत साधारण ३० टक्क्यांनी उतरलेले होते. पंधरा ही संख्या लहान आहे हे खरे, पण ज्यांच्या नाकातोंडात रोज ती धूळ जात होती ती हीच माणसे. भेसळीने पहिला घाव गिऱ्हाइकावर नाही तर कारागिरावर घातला होता, हे आपल्या कारागीर वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या सगळ्यात बाहेरून काय आले आणि आतून काय आले, ते आम्ही मांडून पाहिले. बाहेरून आले शास्त्र, यंत्र आणि लॉट जुळवण्याची विद्या. आतून आले मॅजिस्ट्रेट, नोटीस, वार्ताहर आणि व्यापाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस. परदेशी पथक एकटे असते तर एक अहवाल छापून झाला असता. सरकार एकटे असते तर कोणता रंग शोधायचा हेच त्याला कळले नसते.

मदिनेच्या बाजारातील ओले धान्य

ढाक्याची ही हकीकत वाचत असताना आम्हाला राहून राहून एका हदीसची आठवण होत होती. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. व्यापाऱ्याने पावसाचे निमित्त सांगितले. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असा प्रश्न आपण (स.) केला आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नसल्याचे बजावले. यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की पाऊस पडला हा व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता आणि ओले धान्य विकण्यासही मनाई झाली नाही. मनाई झाली ती लपवण्याची. बांगलादेशच्या त्या पुरात भिजलेली काळी हळद काळी म्हणूनच, कमी भावाने विकली असती, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

पुढे मुस्लिम शहरांत बाजारावर मुहतसिब नेमण्याची प्रथा पडली. बाराव्या शतकात शाम देशातील अल-शैजरी यांनी मुहतसिबांसाठी एक किताबच लिहिली. तिच्यात नानबाई, अत्तार, रंगारी अशा एकेका पेशाची प्रकरणे असून कोण कशी मिलावट करतो आणि ती कशी ओळखावी याचा तपशील दिला आहे. आजचा अन्नसुरक्षा अधिकारी म्हणजे सरकारने बोकांडी बसवलेली नवी बला आहे, असे जे आपले काही बंधू समजतात, त्यांनी हा जुना धागा विसरू नये. अधिकारी कसा वागतो हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल तक्रार असणाऱ्यांत आम्हीही आहोत.

मिरचीचा लाल आणि कापडाचा लाल

पिवळ्या रंगाचे झाले, आता लाल. आमच्या व्यापारी बंधूंना १९९४ साल आठवत असेल. जर्मनीने त्या वर्षी काही ॲझो रंगांवर बंदीचा कायदा केला, कारण त्या रंगांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटतात. आम्ही तेव्हा नुकतेच दुकानात बसू लागलो होतो. निर्यातीच्या मालाशी ज्यांचा संबंध होता त्यांची त्रेधा उडाली, कारण रंगाच्या पिशवीवर छटेचे नाव असायचे, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नसे. पुष्कळांनी हा गोऱ्यांचा आपला माल अडवण्याचा डाव असल्याचे म्हटले. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु भारत सरकारने पुढे १९९७ पर्यंत आधीचे धरून एकूण ११२ रंगांवर स्वतःच बंदी घातली, वस्त्र समितीच्या प्रयोगशाळांत तपासणीची सोय झाली, आणि त्याचा फायदा हॅम्बुर्गच्या गिऱ्हाइकाइतकाच आपल्या रंगखात्यात उघड्या हातांनी काम करणाऱ्या मजुराला झाला.

त्याच ॲझो कुळातला सुदान नावाचा लाल रंग आहे. हा पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि मेणात विरघळतो, म्हणून बुटाच्या आणि फरशीच्या पॉलिशात घालतात. मिरचीत तेल असते आणि जुन्या मिरचीचा रंग उडतो. पुढचे वाचकांनीच ओळखावे. मे २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून आलेल्या मिरचीच्या मालात हा रंग सापडला. एकमेकांना तातडीने खबर देण्याची युरोपातील देशांची जी व्यवस्था आहे, तिच्यावरून बातमी सर्वत्र गेली आणि जूनमध्ये युरोपीय संघाने फर्मान काढले की सुदान नसल्याचा दाखला असेल तरच मिरची आत येईल. तरीही आधी पोहोचलेला माल गोदामांत होताच. फेब्रुवारी २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एका सॉसमध्ये तो निघाला. ते सॉस पुढे सूपमध्ये, पिझ्झामध्ये, तयार जेवणात वापरलेले होते. तीनशेहून जास्त प्रकारचे पदार्थ दुकानांतून उचलावे लागले आणि ही यादी पुढेही वाढत गेली. कोणा एकाने काही पोत्यांत मुठीने घातलेला रंग आणि त्यावर दोन देशांच्या धंद्याला बसलेला फटका, याचा हिशेब आपल्या वहीत मांडता येणार नाही.

कोचीच्या स्पायसेस बोर्डाने त्यानंतर निर्यातीच्या मिरचीची सुदान आणि अफ्लाटॉक्सिन यांसाठी तपासणी सक्तीची केली. अफ्लाटॉक्सिन म्हणजे ओलसर मालावर चढणाऱ्या बुरशीचे विष. युरोपची मर्यादा किलोला एकूण १० मायक्रोग्रॅम आहे. आम्ही तोळ्यांत मोजून पाहिले, तर एक हजार टन मिरचीत एक तोळ्याहूनही कमी! हे मोजायला दहा लाखांची नव्हे, त्याहून कितीतरी महाग यंत्रे लागतात, आणि ती चालवणारी शिकलेली माणसे लागतात. दाखल्याचा कागद दोन्ही देशांत चालावा म्हणून प्रयोगशाळांनी एकमेकींना मान्यता द्यावी लागते. आपल्याकडील एनएबीएल ही मान्यता देणारी संस्था २००० साली अशा आंतरराष्ट्रीय करारात सामील झाली. म्हणून तिची मान्यता असलेल्या मुंबईच्या प्रयोगशाळेचा कागद परक्या मुलखातही मोलाचा ठरतो. सहकार्य सहकार्य म्हणतात ते प्रत्यक्षात असे कागदाच्या भावात उतरते.

मर्यादा कोण ठरवतो?

इथे आमची एक तक्रार आहे आणि ती आम्ही स्पष्ट मांडतो. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्याकडील दोन नामांकित कंपन्यांच्या काही मसाल्यांवर हरकत घेतली. कारण इथिलीन ऑक्साइड. हा वायू मसाल्यांतील जंतू मारण्यासाठी वापरतात. आता गंमत पाहावी. अमेरिका मसाल्यात या द्रव्याचे प्रमाण किलोला ७ मिलीग्रॅमपर्यंत चालवून घेते, तर युरोपची मर्यादा ०.१ मिलीग्रॅम आहे. सत्तर पटींचा फरक! माणसाचे पोट न्यूयॉर्कमध्ये एक आणि पॅरिसमध्ये दुसरे असते काय? जंतू राहिले तरी माल परत, जंतू मारले तरी माल परत, अशा कात्रीत व्यापारी सापडतो. मोठ्या निर्यातदाराची स्वतःची प्रयोगशाळा असते, तो वाफेने जंतू मारण्याचे यंत्र बसवतो. चार खोल्यांत मसाला दळणारा आपला बंधू मात्र धंद्यातूनच बाहेर फेकला जातो.

या कात्रीवर उपाय म्हणून सर्व देशांनी एकत्र बसून मर्यादा ठरवाव्यात यासाठी कोडेक्स नावाचा आयोग आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो उभा केला असून त्याची पहिली बैठक १९६३ साली रोममध्ये झाली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली तेव्हा तिच्या करारात कोडेक्सची मानके आधार म्हणून धरली गेली. एखाद्या देशाला त्याहून कडक नियम लावायचा असेल तर शास्त्रीय कारण द्यावे लागते. म्हणजे दाद मागायला एक जागा झाली.

आणि विशेष म्हणजे मसाल्यांच्या बाबतीत यजमान आपणच आहोत. २०१३ साली कोडेक्सने मसाल्यांसाठी वेगळी समिती नेमली आणि तिचे यजमानपद भारताला मिळाले. पहिली बैठक फेब्रुवारी २०१४ मध्ये कोचीत भरली. आधी काळी मिरी आणि जिऱ्याची मानके झाली, २०२२ साली सुक्या मिरचीचे झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये कोचीतच हळद आणि छोटी वेलची यांची मानके पक्की होऊन त्या वर्षअखेरीस आयोगाने ती मान्य केली. हळद जगात सर्वाधिक पिकवणारा देश आपला, आणि तिचे जागतिक मानक ठरायला २०२४ साल उजाडावे लागले, याचे आम्हाला नवल वाटते. अशा बैठकांना अधिकारी आणि मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी जातात. सांगलीचा अडत्या किंवा हिंगोलीचा पॉलिशवाला तिथे नसतो. त्यांच्या संघटनांनी निदान आपले म्हणणे लिहून स्पायसेस बोर्डाकडे पाठवावे. न पाठवता नंतर ओरडण्यात अर्थ नाही.

दोन ढीग

आता वर राहिलेली गोष्ट. निर्यातीचा माल तपासून जातो, आणि जो नापास होतो तो कुठे जातो? पुष्कळदा तो समुद्रात जात नाही, आपल्याच बाजारात येतो. परदेशी माणसाच्या पोटासाठी एक ढीग आणि आपल्या पोराबाळांसाठी दुसरा, ही वाटणी आम्हाला कधीच मानवली नाही.

ढाक्याचे यश पाहून त्याच शास्त्रज्ञांनी भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या चार देशांतील २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने घेतले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसे ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमहून अधिक होते. ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमच्या घरातले नमुने पाटणा, कराची आणि पेशावर इथले होते. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच पिवळी पुडी! आपल्या देशात हळदीतील शिशाची मर्यादा ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशच्या चौपट सैल, आणि हळदीला असा रंग देण्यास मुळातच मनाई आहे.

महाराष्ट्राचे नाव त्या वाईट यादीत नाही, ही समाधानाची बाब. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे हळद टिकायची ती रंगाच्या जोरावर नाही, वाळवणीच्या जोरावर. २००५ च्या महापुराने त्या पेवांचे फार नुकसान केले. पूर सांगलीलाही आला आणि बांगलादेशलाही आला होता. पण नाव राखायचे असेल तर परीक्षा बाजाराने स्वतः घ्यावी. क्ष-किरणांचे ते एक यंत्र लाखो रुपयांचे असते, एका दुकानदाराला परवडत नाही. परंतु सांगली किंवा वसमतसारख्या बाजार समितीला, अथवा अडत्यांच्या संघटनेला मिळून ते परवडण्यासारखे आहे. सौद्याच्या दिवशी प्रत्येक लॉटवर ते टेकवले आणि आकडा फळ्यावर लिहिला, तर चांगल्या मालाला भाव वाढूनच मिळेल. युरोपच्या दाखल्यासाठी आपण पैसे मोजतो, मग आपल्या बाजारासाठी का मोजू नयेत?

तोवर एकट्या दुकानदाराने काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली घरगुती परीक्षा अशी की अखंड हळकुंड पाण्याच्या पेल्यात टाकावे. पाणी लगेच भडक पिवळे झाले तर वर रंग चढवलेला आहे असे समजावे. ही पहिली चाळणी झाली, शेवटचा शब्द प्रयोगशाळेचाच. गरजेहून जास्त चमकणारा आणि तरीही स्वस्त माल आला तर भावाआधी कारण विचारावे.

कायद्यातील दोन कलमे तर प्रत्येक पेढीवर लिहून ठेवण्यासारखी आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे घाऊक विक्रेत्याने पुढच्या विक्रेत्याला माल देताना लेखी हमी द्यावयाची असते, नमुना ई म्हणतात तो हाच. आपले बरेच किरकोळ दुकानदार ओळखीवर आणि भरवशावर माल उचलतात, हमी मागायला संकोचतात, आणि नमुना नापास झाला की नोटीस घाऊकवाल्याच्या नव्हे, त्यांच्या नावाने येते. दुसरे कलम ४०. कोणीही खरेदीदार, मग तो गृहस्थ असो वा दुकानदार, ठरलेली फी भरून घेतलेली जिन्नस सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल कायद्याप्रमाणे नसल्याचे अहवालात निघाले तर भरलेली फी परत मिळते. मात्र तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, माल घरी आणून मग सांगितलेले चालत नाही.